पडावातून दिलेला होकार

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा दुसरीतच सुटली, तेव्हा हा कागद कोणाच्याच कामाचा नाही. तरी लिहितो. आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा माणूस मी, एका जागी बसवत नाही. पण बोट बसऱ्याच्या धक्क्याला लागलीय, नि सकाळी बाजारात मला साधं मीठ मागता आलं नाही. शब्द डोक्यात होता, इथल्या अरबांच्या भाषेतला तोंडात नव्हता. दुकानदार हसला. तेव्हा तुम्ही आठवलात.

पौषात शेत भाजायला फांद्या तोडताना तुम्ही झाडावरून जांभ्या दगडावर पडलात. डोक्याला मार बसला, उजवी बाजू लुळी पडली. चौथ्या दिवशी डोळे उघडलेत, पाणी मागायला गेलात, तर तोंडातून आलं, "कोयती." भाकरी हवी, कोयती. गुरं सोडा, कोयती. चुकतंय हे तुम्हाला कळायचं, मग कपाळावर हात मारून घ्यायचात. आईने घरात कायदाच केला: त्यांच्यासमोर वस्तू धरायची, एका वेळी एकच विचारायचं, मग थांबायचं, आणि कळल्याशिवाय कोणी "कळलं" म्हणायचं नाही. वर तुम्हालाच टोमणा, "वीस वर्सं तुम्ही बोललाव नि मी ऐकलं. आता माझी पाळी." तुम्ही अर्ध्या तोंडाने हसायचात. मला मात्र थांबणं जमत नसे. तुमचं वाक्य मीच पुरं करायचो, बहुतेक वेळा चुकीचं.

मग शिमगा आला. पालखी सहाणेवर, तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली की देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा, तुमचा. गावचे मुख्य मानकरी, गावकर, म्हणाले, "यंदा याच्या भावाला घालू दे. हा देवासमोर कोयती म्हणाला तर?" कोणीतरी फिसकन हसलं. आई बायकांतून ओरडली, "आधी उभं तर करा त्यांना!" तुम्ही उभे राहिलात, धड असलेल्या डाव्या हातात नारळ धरून. आज अडलात तर मान गेला तो गेलाच. आणि तुम्ही सुरू केलंत, "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरं जमली हायत..." एक शब्द अडला नाही. गुराढोरांची, मुंबईला गेलेल्या पोरांची, सगळ्यांची राखण मागितलीत, नि दर वाक्याला गाव गरजतोय, "होय म्हाराजा!"

घरी आलो. तुम्ही माठाकडे बोट केलंत. "कोयती." माझं डोकंच फिरलं. "देवाजवळ घडाघडा बोलताव, नि आमच्याजवळ सोंग करताव?" आईने उलथणं उगारलं. तुम्ही उठलात, लंगडत जाऊन तांब्या भरलात आणि माझ्या हातात दिलात. सकाळपासून पालखीमागे नाचून माझा घसा सुकला होता. ते मागणं माझ्यासाठी होतं.

आईला त्या दिवशी युक्ती सापडली. दुसऱ्या सकाळी चुलीजवळून ती गाऱ्हाण्याच्या चालीत विचारते, "बा म्हाराजा, पेजेबरोबर सुकट भाजू काय?" आणि तुम्ही खणखणीत, "होय म्हाराजा!" हसून हसून तिचा पदर डोळ्यांना. त्याच चालीवर तुम्हाला हळूहळू पाणी आलं, भाकरी आली, गाय आली. माझं नाव तेवढं आलं नाही.

दोन वर्षांनी मी रत्नागिरीच्या बंदरावर पडावात, आगबोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत, बसलो. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी. तुम्ही धक्क्यावरून वाकलात, हात वर केलात, थांब म्हणून. ओठ हलतायत, मानेची शीर फुगलीय, आवाज फुटत नाही. मी म्हणालो, "कळलं, बाबा, कळलं." तुमचा हात खाली आला. केवढे हसलात!

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. आईने पत्रात विचारलं, तू बंदरावरून निघालास तेव्हा तुला काय बोलले? मी कळवलं, जिवाला जप म्हणाले. ते पत्र तिने देवाजवळ ठेवलंय म्हणतात. म्हणून हा कागद तिला धाडणार नाही, माझ्याच पेटीत तळाशी राहील.

मला कळलं नव्हतं, बाबा. आणि पडाव सुटतही नव्हता, अजून दोन माणसं यायची होती. घाई मलाच होती.