गप्प केलेला ॲम्प

सोमवार, ३ तारीख

मिळाली नोकरी! आणि उद्या-परवा नाही, आजपासूनच. काकांनी माझ्याकडून एकदा बेस वाजवून घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, लाग कामाला पोरी. दुकानाचे मालक ते, पण इथे सगळे त्यांना काकाच म्हणतात.

दुकान होतं तसंच आहे. डाव्या भिंतीवर वापरलेले बेस गिटार ओळीने टांगलेले, उजवीकडे जुने ॲम्प, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारी खोकी, एकावर एक, मधे दोन खुर्च्या आणि एक फाटकं जाजम. मागे दुरुस्तीची खोली. काम मला आवडलंय, खोटं कशाला बोलू. विकायला आलेल्या बेसची मान वाकलीय का बघायची, तारांचा गंज पुसायचा, बटणं फिरवताना खरखरतात का ऐकायचं. आणि मुख्य म्हणजे तुलना. गिऱ्हाइकाला पाठमोरं बसवायचं, तोच बेस आधी एका ॲम्पमधून वाजवायचा, मग दुसऱ्यातून, आणि विचारायचं, डावा की उजवा? बघून निवडलं की माणूस रंगाला भुलतो, असं काकांचं म्हणणं.

गोड माणूस. जिभेवर नुसती साखर. दुपारी स्वतःच्या हाताने चहा करून दिला. माझ्या भावाचा जीव घेणाऱ्या माणसाच्या हातचा चहा मी प्यायले आणि वर छान झालाय म्हणाले. शाबास माझी!

चार वर्षांपूर्वी मी आणि ढम्या याच जाजमावर उभे होतो. ढम्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. रांगायचा तेव्हापासून डबे बडवायचा, म्हणून ढम्या. त्याने इथून एक जुना ॲम्प घेतला. तीन आठवड्यांनी एका कार्यक्रमात त्याचा एक हात बेसच्या तारांवर होता, दुसऱ्या हाताने त्याने माइक धरला, आणि जागच्या जागी गेला. ॲम्पची अर्थिंगची वायर कापलेली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. चौकशीत निघालं काय, तर हॉलचं वायरिंग जुनं! काका भेटायला आले, रडले, आणि आईला तो डोळ्यांसमोर नको म्हणून ॲम्प परत घेऊन गेले. पुरावाही गेला.

त्यांनी मला ओळखलं नाही. केस कापलेत, चष्मा लागलाय. ढम्याचा बेस माझ्या खोलीत आहे. त्याच्या खुंटीला हिरव्या वायरचा वेढा अजून तसाच आहे, ती आमची दोघांची गंमत. मला फार काही नको. तोच ॲम्प, तोच बेस आणि काकांचे हात.

गुरुवार, ६ तारीख

आज डोळ्यांनी बघितलं. एक शिक्षक आले होते. त्यांना एक जुना, जाड आवाजाचा ॲम्प पसंत पडला, पण तो सारखा घूंऽऽ करत होता. जुने करतातच. काका म्हणाले, दोन मिनिटं द्या. ॲम्प मागे नेला, कटर वाजला, ॲम्प परत आला तो चिडीचूप. शिक्षक खूश. नंतर मी भोळा चेहरा करून विचारलं, तर हसत म्हणाले, तिसरी वायर काढली गं, अर्थिंगची, लोकांना गप्प ॲम्प लागतो.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. संध्याकाळी केबल द्यायची राहिली या निमित्ताने शिक्षकांच्या घरी गेले आणि वायर जोडून आले. त्यांची छोटी मुलगी ॲम्पवर चढून बसली होती.

आणि सापडला! मागची खोली झाडताना, खोक्यांच्या आड. ढम्याने चिकटवलेलं कासव, आमच्या कुत्र्याने कुरतडलेला कोपरा. प्लग उघडला, तर आत दोनच वायरी. चार वर्षांत या माणसाला एक वायर जोडावीशी वाटली नाही.

एक विचित्र झालं. शिक्षकांनी बेस हातात घेतल्यावर चार सूर वाजवले, तिसऱ्यावर जरासे अडखळले. ढम्या हात मोकळा करायला हेच चार सूर वाजवायचा. लहानपणी त्याचं बोट दारात चेमटलं होतं, म्हणून तिसऱ्यावर अडखळायचा. असेल योगायोग.

सोमवार, १० तारीख

योगायोग कसला डोंबलाचा. शनिवारपासून जो येतो तो तेच वाजवतो. बँकेतल्या बाई, टॅक्सीवाला, ज्याने आयुष्यात पहिल्यांदा बेस धरला तो दंतवैद्य. चार सूर, तिसऱ्यावर ठेच. आपण काय वाजवलं हे विचारलं तर सांगता येत नाही.

दुपारी काकांच्या बोटांतूनही तेच निघालं. त्यांनी बेस असा खाली ठेवला जणू हात भाजला. मग सगळे ॲम्प घूंऽऽ करायला लागले, एकाचाही प्लग लावलेला नसताना. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मला म्हणाले, ऐकतेयस ना? मी म्हटलं, नाही बाई, काय ते?

बाथरूममध्ये जाऊन पोट धरून हसले. मग रडले. ये रे बाबा, ये. आपण दोघं मिळून घेऊ याला.

बुधवार, १२ तारीख

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी सगळं मांडून ठेवलं. जाजमावर तो ॲम्प, खुर्चीवर ढम्याचा बेस, समोर माइक. ॲम्पचा प्लग तेवढा माझ्या हातात. काका आले, हिरव्या वायरचा वेढा बघितला आणि खाली बसले. म्हणाले, तुला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तुमच्या घरचं कुणीतरी कधीतरी येईल, याचीच वाट बघत होतो.

मग म्हणाले, वायर मीच कापली, पण पोरी, तुला विचारून कापली. तिसरी वायर काढली तर धोका असतो, चालेल का, असं विचारलं होतं. तूच म्हणालीस, चालेल.

मी ओरडले. खोटं, साफ खोटं! त्यांनी वाद घातला नाही. बेस मांडीवर घेतला, चार सूर वाजवले, तिसऱ्यावर अडखळले, माइकला हात लावला आणि जागीच कोसळले.

गेले. आत्ताच डॉक्टरांनी सांगितलं.

मला आनंद झाला. झालाच. पण प्लग माझ्या हातातच होता. मी तो लावलाच नव्हता.

शुक्रवार, १४ तारीख

मी म्हणाले होते, चालेल.

शब्दन् शब्द आठवतोय. ही कुरकुर गेली पाहिजे, नाहीतर आम्ही शेजारच्या दुकानात जातो. ढम्या म्हणाला होता, असू दे ना ताई, मला आवडतो हा आवाज, ॲम्प जागा आहे असं वाटतं. मी म्हटलं, तू गप्प बस, तुला काय कळतंय.

आणि तो गप्प बसला.

कापलेला तुकडा काकांनी मला दाखवला होता. हिरवा. मीच तो खुंटीला गुंडाळला. म्हटलं, ढम्या, ही घे तुला अंगठी. चार वर्षं आईसमोर मी फक्त काकांना शिव्या घातल्या.

आज घरातला फ्रिज बंद आहे. तरी घूं—

शनिवार, १५ तारीख, दुपार

बेस न्यायला आलेय. काकांच्या बायकोने किल्ली दिली, रडत होती, मला पोरी म्हणाली. माझ्याच्याने तिच्याकडे बघवलं नाही.

केबल बेसमधून निघत नाही. ओढायला तारांवर डावा हात ठेवला — तो आता सुटत नाही. मुंग्या खांद्यापर्यंत. उजव्याने लिहितेय, वही ढम्याच्या ॲम्पवरच —

प्लग कुठेच लावलेला नाही. तीनदा बघितलं.

माझ्या पाठीमागे दोन ॲम्प चालू झालेत. मी पाठमोरी. गिऱ्हाइकासारखी.

डावा घूं करतोय. उजवा गप्प आहे.

चार सूर. आधी डाव्यातून. मग उजव्यातून. तिसऱ्यावर —

ताई, कुठला घेऊ?

ढम्या, चुकलं रे. चुकलं माझं. या वेळी तुझ्या मनासारखं. डावा. ऐकतोयस ना? घूं करणारा. डावा घे, राजा, डावा —

डावा गप्प झा