निरोण्याच्या दोन घंटा

२ जानेवारी, जुईनगर

दुपारी बाजारातून आले तर मासेवाली यमुनाबाई टोपली घेऊन जिन्यात बसलेली. "बय, सायब घरान हाय ना? कवाची बेल मारतंय. बोंबील नरम पराला लागलं."

दार उघडलं. अवि हॉलमध्येच, पेपर वाचत. "बेलमध्ये लोच्या आहे. सेल बदलतो," म्हणाला. सेल गेल्या महिन्यात बदललाय. त्याआधी बेलच बदलली होती.

बोंबील घेतले.

४ जानेवारी

पुरवणीच्या संपादकांचा फोन. कच्छवर मोठा लेख हवा. धोलावीरा, घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं अभयारण्य, कारागिरांची गावं, सगळं एकात. मजकूर महिनाअखेरीस. हो म्हटलं. अविला विचारलं, येतोस? लगेच बॅग काढली. प्रवासाला तो कधी नाही म्हणत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं की गुडघा दुखतो.

वाशीच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ परत आल्यावरची घेतलीय. दोनदा चुकवून झाली. या वेळी कॅलेंडरवर लाल पेनने गोल केला. संध्याकाळी बघते तर नेमक्या त्या गोलावर गॅसची पावती टाचलेली.

लेकीचा, मुक्ताचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल. रेवाने आबांना शाळेतल्या सशाची गोष्ट सांगितली. चार वर्षांची झाली, पण आवाज अजून तसाच, बारीक. अवि हसत मान डोलावत होता.

"आबा, मग सशाचं नाव काय ठेवू?"

"वा वा, छान."

रेवा म्हणाली, "आजीला द्या फोन." चिडून नाही. सवयीने.

त्याने फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलं होतं.

९ जानेवारी, छोट्या रणाच्या काठी

पहाटे उठून जीपने आत. हबीबभाई ड्रायव्हर आणि गाईडही तेच. वाळून तडकलेला चिखल, नजर जाईल तिथवर. मधेच खुरट्या झुडपांचं बेट.

घुडखर दिसले. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग. लांबून घोडा, जवळून गाढव, पळताना दोन्ही नाही. हबीबभाईंनी गाडी बंद केली. "अब कोई आवाज नहीं." बराच वेळ बसलो. कळप चरत चरत पुढे आला. एक शिंगरू तर इतकं जवळ की पापण्या दिसत होत्या.

आणि अवि माझ्याकडे वळून, त्याच्या मते कुजबुजत, म्हणाला, "इंजिन बंद केलंय की चालू आहे गं?"

धुरळा.

हबीबभाई सज्जन. "कोई बात नहीं साहब. इन लोगों को भी थोडा दौडना चाहिए."

अवि हसला. दिघ्याच्या कारखान्यात हा माणूस आयुष्यभर मेंटेनन्सला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचा. लोक दुसऱ्या शेडमधून बोलवायला यायचे. शेडमधल्या त्याच आवाजाने कान खाल्ले असणार, पण हे त्याच्यापुढे म्हणायची सोय नाही.

इंजिन बंद आहे हे त्याला कळलं नाही.

११ जानेवारी, धोलावीरा

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरं मीठ. बर्फ म्हणायचं नाही असं ठरवलंय, सगळे तेच लिहितात. दही लागावं तसं दिसत होतं.

मग दगडी हौद. एवढे मोठे असतील असं फोटोत वाटत नाही. पायऱ्या उतरून तळाशी गेलं की वरची माणसं लहान होतात. गाईड भरभर बोलत होता. अवि सगळ्यांच्या पुढे उभा, मान डोलावत, बरोबर जागी हसत. गाईडच्या विनोदांवर कसा काय हसतो, म्हणून मी बघत राहिले. तो माझ्याकडे बघून हसतो. मी हसले की मागून तो. किती दिवस चाललंय हे, कोण जाणे.

जेवण झाल्यावर बाहेर खाटेवर बसलो. मी त्याच्या उजवीकडे, तो कान जरा बरा.

"हां, आता सांग. काय काय म्हणाला?"

सगळं सांगितलं. पावसाचं पाणी अडवून एका हौदातून दुसऱ्यात कसं न्यायचे, ते. मग त्याचे प्रश्न. उतार कुठून कुठे? गाळ कुठे बसत असेल? साफ करायला माणूस उतरायचा कुठून? मला काही येईना. "तू विचारलं नाहीस?" "तू विचारायचंस." मग त्याने काडीने मातीत हौद काढले आणि मला समजावून दिले. लेखाचा तेवढा भाग तिथेच तयार झाला. त्याला नंतर सांगायचं असतं म्हणून मी हल्ली नीट ऐकते. तेवढा माझा फायदा.

१३ जानेवारी, भुज

आज निरोणा गाव. आधी रोगनवाल्यांकडे. एरंडेलापासून केलेला चिकट रंग तळहातावर घोळवायचा आणि सळईने त्याची तार काढत कापडावर नक्षी सोडायची. कापडाला सळई टेकत नाही. डोळे दुखेपर्यंत पाहिलं.

मग घंटावाल्यांकडे. जुसबभाई आणि त्यांची बायको, अंगणातच काम. लोखंडी पत्रा ठोकून आकार द्यायचा, तांब्याची पूड लावायची, मातीत लपेटून भट्टीत घालायचं. आत लाकडाची जीभ. शेवटी कडेला बारीक ठोके मारून सूर लावायचा. गुराखी येतो, आपल्या कळपाचा आवाज स्वतः निवडतो. रानात गुरं दिसत नसली तरी आपली कुठली ते कळतं. मी लिहून घेत होते.

अवि सतरंजीवर मांडी घालून बसला आणि एकेक घंटा वाजवू लागला. मोठ्यापासून लहानापर्यंत. कानाशी धरायचा, डोळे मिटायचा, खाली ठेवायचा. जुसबभाई म्हणाले, "साहब, कौन सी चाहिए?"

"देख रहा हूँ."

मला वाटलं, घासाघीस करायची तयारी चाललीय. मग लक्षात आलं, काही घंटा तो डावीकडे ठेवतोय, काही उजवीकडे. डावीकडे सगळ्या मोठ्या. उजवीकडे सगळ्या लहान. लहान घंटा वाजवताना डोळे मिटत नव्हता. जीभ हलते का, ते बघत होता.

वाशीला दोनदा न गेलेला माणूस निरोण्याच्या अंगणात बसून स्वतःची तपासणी करत होता. आणि पद्धतशीर. बेअरिंग शोधायचा तशी.

सगळ्यात लहान घंटा त्याने पुन्हा पुन्हा हलवली. मग माझ्याकडे बघितलं.

"ही वाजते?"

"वाजते."

"कशी?"

इतकी वर्षं शब्दांवर पोट भरलंय, तरी पटकन सुचेना. म्हटलं, "बारीक. रेवासारखी."

बोलून बसले. त्याने ती उजवीकडच्या ओळीत ठेवली. परत उचलली. डावीकडची एक मोठी घेतली आणि ही. जुसबभाई लहान घंटेकडे बोट दाखवून म्हणाले, "ये तो बकरी के बच्चे की है. आपके यहाँ बकरी है?"

"नातिन है," अवि म्हणाला.

जुसबभाईंची बायको इतकी हसली की ओढणी तोंडावर धरावी लागली.

१६ जानेवारी, जुईनगर

काल घरी. मोठी घंटा सेफ्टी डोअरला, बाहेरून दोरी. लहान गॅलरीत, कपड्यांच्या हुकाला.

यमुनाबाई आली. घंटा घणघणली, अविने स्वतः उठून दार उघडलं. ती म्हणे, "सायब, ही म्हशीचे गल्यानली घंटी दाराला बांदली? आता मना काय म्हस समजलं?"

"बेल खराबच होती, यमुनाबाई."

"खराब बेल व्हती, खराब," असं म्हणून माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. सोसायटीत आता सगळ्यांना कळणार. सेक्रेटरी दोरीवरून काहीतरी बोलतीलच.

लहान घंटा खाडीकडून वारा आला की वाजते. स्वयंपाकघरात मला ऐकू येते. अवि खुर्ची टाकून तिच्यासमोर बसतो. आज बोटाने थांबवली, सोडली, परत थांबवली.

१९ जानेवारी

लेख बराचसा झाला. घुडखरांच्या परिच्छेदात 'आवाजाने कळप उधळला' एवढंच. कुणाच्या आवाजाने, ते संपादकांना हवंय कशाला. हौदांचा परिच्छेद उत्तम झालाय. अविने वाचून त्यातला एक उतार दुरुस्त केला.

मुक्ताचा फोन. अविने लहान घंटा काढून आणली आणि स्क्रीनसमोर वाजवली. रेवा टाळ्या वाजवत काहीतरी ओरडली. तिच्या ओठांकडे बघत होता. नेहमीसारखं "वा वा" म्हणाला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाली?"

"परत वाजवा म्हणाली."

वाजवली. ती पुरे म्हणेपर्यंत वाजवली.

कॉल संपल्यावर म्हणाला, "सशाचं नाव काय ठेवलं शेवटी?" मला माहीत नव्हतं. "विचारायचंस ना," म्हणाला.

२१ जानेवारी

कॅलेंडरवरची गॅसची पावती कुणीतरी काढलीय. मी नाही.

गुडघ्याचं काही बोलला नाही.

२२ जानेवारी, वाशी

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. सकाळी गॅलरीतला हुक रिकामा होता. रिक्षात त्याच्या शर्टाच्या खिशाला फुगवटा.

काचेच्या खोलीतली तपासणी झाली. डॉक्टर म्हणाल्या, बारीक आवाज बरेच गेलेत, मशीन लावून बघू. काही जणांना मानवतं, काही जणांना नाही, लागलीच ठरवू नका. त्याने ऐकून घेतलं. माझ्याकडे न बघता.

मशीन लावायच्या खोलीत मी उठून मागोमाग निघाले तर दारातच थांबवलं.

"तू बाहेर बस."

"का रे?"

"तू आत असलीस की मी तुझा चेहरा बघतो. मग काय ऐकलं, काय नाही, ते मलाच कळत नाही."

म्हणजे माहीत होतं त्याला. मी बसले.

बराच वेळ नुसतं बोलणं, दाराआडून, शब्द कळत नाहीत. मग घंटा. एकदा, झटक्यात, जुसबभाईंच्या अंगणात वाजवायचा तशी. मग डॉक्टरांचं काहीतरी. मग परत, हळू. अगदी हळू, मलाही कान द्यावा लागला.

समोरच्या बाई मला विचारतायत, आत लहान मूल आहे का.

वही मिटते. दार उघडलं की तो आधी माझाच चेहरा बघणार, तो जरा सरळ करून ठेवला पाहिजे.