खोट कुणाच्या घरची

ता. ९ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार. एरवी साष्टांग घालते, आज नुसता नमस्कार गोड मानून घे. मी बरी आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो एकदाचा बदलून घेतला. वहिनी आणि ठकी माझ्याकडेच आहेत. ठकी आता खुर्चीवर चढून दिवा लावते, लगेच विझवते, दिवसभर हाच धंदा. तुझा खोकला कसा आहे?

खोकल्याचं उगाच विचारलं. खरं सांगायचं तर मला तुझा भयंकर राग आलाय.

ठकीची उंची वाढेना, तेव्हा तिघांचं रक्त तपासायचा हट्ट तुझाच. "खोट कुणाच्या घरची ते एकदा कळू दे!" असं जिन्यात उभा राहून, वहिनीच्या आईवडिलांच्या आणि सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत तिच्यावर ओरडलास. का, तर तिची एक मावशी बुटकी! डॉक्टर समजवायला गेले, तर "तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी" म्हणून त्यांचंही तोंड बंद केलंस. मग अहवालाच्या दिवशी कुठे तोंड लपवून बसला होतास? वहिनी एकटी आली. मी त्याच प्रयोगशाळेत कामाला, म्हणून निदान तिच्याशेजारी बसायला तरी होते.

आता कान उघडे ठेव. आपल्या पेशीत डीएनए असतो. एकमेकांभोवती पिळलेले दोन लांबच लांब धागे आणि मधे शिडीच्या पायऱ्यांसारख्या जोड्या. त्या जोड्या चारच रसायनांच्या, आम्ही त्यांना ए, टी, जी, सी म्हणतो. ए समोर टीच बसणार, जी समोर सीच. एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की धागे सुटे होतात, आणि प्रत्येक जुना धागा साचा बनतो. त्याच्यासमोर एकेक जोडीदार बसत जातो आणि नवा धागा तयार होतो. म्हणजे दोन्ही पेशींना एक धागा जुना, एक नवा. अब्जावधी जोड्या, बाबा! लावता लावता तपासणीही चालते, चुकलेलं काढून टाकलं जातं. तरी एखादं निसटतंच. ठकीच्या बाबतीत एकच निसटलं, जी च्या जागी ए बसला. तेवढ्याने तिच्या हातापायांची हाडं आखूड राहिली.

तू ओतकामातला फोरमन. चांगल्या साच्यातूनही रोज दोन-चार भाग वाकडे निघतात. तेव्हा साच्याच्या माहेराचा उद्धार करतोस का रे?

ही चूक वहिनीच्या रक्तात नाही. त्या बिचाऱ्या मावशीचा काडीचा संबंध नाही. तुझ्याही रक्तात ती सापडली नाही. नवीच झालेली आहे. एवढं लिहून मी थांबावं, असं वहिनीने मला बजावलंय.

नाही थांबत जा! ठकीला डीएनएची एक प्रत आईकडून मिळाली, एक बापाकडून. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी दोन्ही ताडून पाहिल्या. चूक तुझ्याकडून आलेल्या प्रतीत आहे. पुरुषाच्या बीजपेशी जन्मभर नव्याने तयार होत राहतात, दर वेळी नक्कल, आणि वय वाढतं तशा चुकाही वाढतात. यात तुझा दोष नाही. पण दोष वहिनीचाही नव्हता, आणि तीन वर्षं तू तिला जगणं नकोसं केलंस.

हे कळल्यावर ती तुझ्या नावाने बोटं मोडेल असं मला वाटलं होतं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "अगं, त्यांना नको सांगूस. ते स्वतःला खात बसतील." अशी चीड आली मला! तुझी आणि तिचीही.

म्हणून मुद्दाम सांगतेय. खा स्वतःला, चार दिवस पोटभर खा. मग ऊठ, त्याच जिन्यात त्याच माणसांना गोळा कर आणि तितक्याच मोठ्या आवाजात खरं काय ते सांग. कोपऱ्यात गाठून मागितलेली माफी मी चालू देणार नाही. त्यानंतर ती तुझ्याबरोबर येईल की नाही, ते तिचं ती ठरवेल.

काल ठकीने विचारलं, "आत्या, मी लहान राहिले म्हणून बाबा रागावलेत का?" मी म्हटलं, नाही गं.

दादा, मला खोटं पाडू नकोस.

तुझ्यावर संतापलेली, तरी तुझीच,
धाकटी