गोणीचे कान

कोपरखैरणे, नवी मुंबई
१८ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. विमल हीस,
मारोतीदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. तुझे नवे तांदूळही पोचले. पिशवी फाटेल या धास्तीने सारा रस्ता ती मांडीवर धरून बसलो होतो.

अरुणा पडूनच असते. पाचवा महिना आहे. मागे दोनदा गर्भ टिकला नाही, म्हणून डॉक्टरांनी सुनेला या वेळी उठायचीच मनाई केली आहे. नवस तिचा, पण डोंगर तिला चढता येत नाही, म्हणून कळसूबाईची ओटी तिने माझ्या हाती दिली. आता रोज विचारते, बाबा, देऊळ केवढं आहे, वर वारा किती होता, ओटी नीट ठेवलीत ना. मी सांगतो. ऐकून तिला झोप लागते.

सेक्रेटरींनी सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं आहे की, मारोती शेळके, वय ६७, यांनी कळसूबाई सर केल्याबद्दल अभिनंदन. त्याच फळ्यावर पाण्याची वेळ असते, त्यामुळे सगळेच वाचतात. मी मागच्या जिन्याने ये-जा करतो.

तुझं भाताचं खळं चालू होतं, म्हणून मी एकटा गेलो ते बरंच झालं. गावात कोणी विचारलं तर जाऊन आला एवढंच सांग. जास्त बोलू नकोस.

भावावर माया आहे तशीच ठेव.
तुझा दादा


बारी
२७ नोव्हेंबर १९९६

ती. दादास,
विमलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

खळं आटोपलं. अरुणाचं वाचून वाटलं, आपणही तिच्यासाठी एक नारळ वाहावा. मंगळवारी कळसूबाईला गेले. गुडघे वाजले, पण पोचले वर.

दादा, जाताना तिसऱ्या लोखंडी शिडीखाली कपारीत एक पिशवी दिसली. तोंड सुतळीने शिवलेलं आणि दोन्ही टोकांना गोणीसारखे धरायचे कान काढलेले. तीस वर्षं, आधी मुंबईत आणि मग वाशीच्या मार्केटात, गोण्या शिवलेल्या-उचललेल्या माणसाशिवाय देवीच्या ओटीला कान कोण काढील? देवी काय ओटी पाठीवर घेऊन ट्रकात टाकणार होती? हसू आलं, मग तिथेच बसून रडले.

ती मी वर नेली नाही. माझा नारळ वाहिला आणि उतरताना पिशवी घरी आणली. अरुणाने ती तुझ्या हाती दिली होती, माझ्या नाही.

लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर तुझे पाय कापायचे, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. हेही सांगणार नाही. एरवी पत्रं माझी नात मीना लिहिते, पण हे मीच लिहिलं आहे. चुकलेलं समजून घे.

राग धरू नकोस, एवढंच मागणं.
तुझी विमल


कोपरखैरणे
५ डिसेंबर १९९६

चि. सौ. विमल हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. त्या शिडीच्या पायऱ्यांमधून खालची दरी दिसत होती. दोनदा चढलो, दोनदा उतरलो. मागे बायकामाणसं थांबलेली होती. मी त्यांना पुढे व्हा म्हटलं आणि सगळे गेल्यावर ओटी कपारीत सरकवली. शंभर किलोची गोणी उचलणारा मी, मूठभर तांदूळ आणि पाच बांगड्या मला वर नेता आल्या नाहीत.

तिच्या पोटाला काही झालं तर ते माझ्यामुळे, हेच रोज मनात येतं. खरं सांगितलं तर धसक्याने काही होईल, ही भीती वेगळीच. शेवटी पोराला, नंदकिशोरला, जवळ बसवून काल अरुणाला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवली नाही. आज सकाळी म्हणाली, ओटीचं मला इतकं वाईट वाटलं नाही, पण तुम्ही मला रोज देऊळ सांगत होतात. मग नंदकिशोरला माझे कॅनव्हासचे बूट धुऊन उन्हात ठेवायला सांगितलं.

फळा मी स्वतः पुसला. घाईत पाण्याची वेळही पुसली गेली, त्यावरून दोघांनी मला सुनावलं. ते ऐकून बरं वाटलं.

सोमवारी येतो, मंगळवारी चढू. पिशवीचे कान उसवू नकोस, धरायला लागतील. आणि शिडीवर तू माझ्या पुढे जाऊ नकोस, मागेच राहा. मी पुढे व्हा म्हटलं तरी होऊ नकोस.

या वेळची गोष्टही घरातच ठेव.
तुझा दादा