वरलक्ष्मी मॅडमच्या दोन दुपारी

तीर्थस्वरूप वत्सलाआत्यांच्या चरणी सुरेंद्राचा साष्टांग नमस्कार (इस्पितळात आडवं पडायला जागा नाही, म्हणून मनातल्या मनात घातला आहे). तुमचं पत्र पोचलं. हल्ली दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, संध्याकाळी चपला घट्ट होतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर मध्येच बसावं लागतं, असं लिहिलंत. सत्तरी ओलांडल्यावर एवढं चालायचंच. बाकी प्रकृती उत्तम असेल. माझं मागचं पत्र चुकांखाली लाल रेघा मारून परत पाठवलंत, त्याबद्दल आभारी आहे.

तुम्ही विचारलंत की एमबीबीएस झाल्यावर फॅमिली डॉक्टर व्हायला आणखी तीन वर्षं कशाला लागतात. आम्हाला शिकवणाऱ्या वरलक्ष्मी मॅडम भेटेपर्यंत मलाही तसंच वाटायचं. मागच्या महिन्यात तिरुवैयारूहून एक गाणं शिकवणारे गृहस्थ आले. तीन महिने कोरडा खोकला, शिष्यांसमोर एक ओळ धड म्हणता येईना. मी छाती तपासली, एक्सरे सांगितला, थुंकीची तपासणी सांगितली, वर रक्ताच्या चार तपासण्या लिहिल्या (माझं अक्षरही त्या दिवशी सुरेख आलं होतं). मॅडम आत आल्या, कागद पाहिला आणि मला मराठीत म्हणाल्या, “यांच्या पिशवीत काय आहे ते पाहिलास की?” पिशवीत पंचांग होतं, केळी होती आणि तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केलेली रक्तदाबाची गोळी होती. त्या गोळीनं काहींना असा खोकला येतो, हे मी परीक्षेत पूर्ण गुण मिळवून लिहिलेलं आहे. मॅडमनी गोळी बदलली. महिना व्हायच्या आत ते गृहस्थ आले आणि ओपीडीत उभं राहून गायले. नंबर लावून बसलेली माणसं आपला नंबर विसरली. आत्या, मी भारावून गेलो, दुसरा शब्द नाही.

मॅडम आपल्यातल्याच, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातल्या, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या. रोग्यापुढे मला काही विचारायचं तर मराठीत विचारतात, म्हणजे तमिळ माणूस घाबरत नाही आणि माझी अब्रूही झाकली जाते. (एकदा समोर वेंकूबाई नावाच्या आजी बसल्या होत्या. मॅडमनी मला मराठीत विचारलं, पोटाला हात लावून पाहिलास की? मी हो म्हणायच्या आत आजीच मराठीत म्हणाल्या, “नाही ग बाई, लांबूनच पाहिलान.” तेव्हापासून मॅडम आधी रोग्याचं घराणं विचारतात.)

आता संकट ऐका. मॅडमना आठवड्यातून दोन दुपारी रोगी न तपासता आम्हाला शिकवायला राखून दिल्या आहेत. गर्दी वाढली तशी या दुपारी इस्पितळाच्या कमिटीच्या डोळ्यांत खुपू लागल्या. महिन्यात तीस तास शिकवल्याची नोंद दिसली तर दुपारी राहतील, नाहीतर मॅडमनी सगळे दिवस ओपीडी करायची आणि पुढच्या वर्षीपासून हा अभ्यासक्रम बंद. नोंदवही ठेवायला माणूस प्रामाणिक हवा, म्हणून मला नेमलं. मी एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही. पडद्यावर चित्रं दाखवून मॅडम इंग्रजीत बोलल्या, ते सगळं लिहिलं. मराठीतलं काहीच लिहिलं नाही. आपल्या घरात मराठी ऐकू आली की मी काहीतरी सांडलेलं असतं. त्यामुळे मॅडम मराठीत बोलल्या की मला वाटायचं, ओरडत आहेत. ओरडणं कोणी शिकवण्यात धरतं का? महिन्याची बेरीज साडेचार तास आली. सही करून वही देऊन आलो आणि जिना उतरताना ती पिशवी आठवली. मी तिथेच पायरीवर बसलो. जे काही मला येतं, ते सगळं मी वहीबाहेर ठेवलं होतं.

मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की खरी वही लिही. तेच अजून टोचतं आहे.

आपला आज्ञाधारक,
सुरेंद्र

ता. क. कमिटीत तुमचे धाकटे दीर श्रीनिवासराव आहेत. गुरुवारी बैठक आहे. ते जगात फक्त तुम्हाला भितात. मराठीत केलेली कानउघाडणीही शिकवण्यात धरावी, एवढं त्यांना सांगाल का? (पत्र लिहिण्याचं कारण एवढंच. प्रकृतीची चौकशी मात्र मनापासूनची होती.)

पुन्हा ता. क. मनापासूनची नव्हती, आत्या. हे पत्र मी शिकवण्याच्या दुपारी बाकाखाली धरून लिहीत होतो. मॅडमनी ते हातातून घेतलं आणि सगळं वाचलं. दिरांचा मजकूर त्यांनी ओलांडला. पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाल्या, “दोन उशा, घट्ट चपला, पायऱ्यांवर बसणं. हे तूच लिहिलास की? मग वाचिलास का नाही?” मग हृदय थकलं की पाणी कुठे कुठे साठतं आणि माणूस उशा का वाढवतो, ते मला वीस मिनिटं समजावलं. मी खिशातलं तुमचं पत्र काढून पुन्हा वाचलं. आता उरलेली दुपार त्यांनी मला तुम्हाला इस्पितळात आणायला दिली आहे. म्हणून हे पत्र टपालात न टाकता मीच घेऊन येतो आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी समोर उभा असेन. चुका नंतर काढा, चपला घाला, टॅक्सी दाराशी आहे.

निघण्याआधी नव्या वहीत ती वीस मिनिटं लिहिली. विषयाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी ‘आत्या’ लिहिलं.