गोळ्या पुरेत

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी, मुलं बरी असतील. फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून लिहितेय.

काल आई स्वयंपाकघरात पडली. हाड मोडलं नाही. पण पायातली चप्पल निसटलेली तिला कळलीच नव्हती. परवा बटण लावताना सुई बोटात रुतली, तेही रक्त दिसल्यावर कळलं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई!

तिला दवाखान्यात दाखल केलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं कधी थांबवली?"

आई ऐटीत म्हणाली, "वर्ष झालं. मुलाचं औषधाचं दुकान आहे माझ्या. तो म्हणाला, रक्त भरलं, आता फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पुरेत."

बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. आईच्या पोटात हे जीवनसत्त्व शोषलंच जात नाही, म्हणून इंजेक्शन जन्मभर. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, नसा मात्र खराब होत राहतात. आता किती भरून येईल, त्यांनाही सांगता येत नाही.

दादा, तुला हे माहीत नव्हतं? मग भिंतीवर ते सर्टिफिकेट कशाला टांगलंयस? सुईला घाबरणाऱ्या गिऱ्हाइकाला "चला, गोळ्यांवर भागवू" म्हणतोस, तसंच आईला? ती गिऱ्हाईक होती का रे तुझी?

इथेच पत्र बंद करणार होते. नाही केलं.

जुन्या कागदावर "इंजेक्शन कायम" लिहिलेलं मी वाचलं होतं. दर दोन महिन्यांनी रजा टाका, तिला जिने उतरवा, रांगेत तिची कुरकुर ऐका. वैतागले होते. तुला फोन करून मी विचारलं, "आता नकोच ना रे इंजेक्शन?" मला फक्त "नको" ऐकायचं होतं. कागदाचं मी बोललेच नाही. तूही विचारलं नाहीस.

आज सिस्टर सुई घेऊन आली तर आईने हात पदराखाली घेतला. "थोरला म्हणेल तेव्हा घेईन."

"अगं, डॉक्टर सांगताहेत!"

"तू बँकेतली. तुला काय कळतं?"

मग मी माझं सगळं तिला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. हात काही पुढे केला नाही.

तू ये. मला हवं ते बोल, पण आधी तिच्यासमोर बसून "मी चुकलो" म्हण. तुझं हसू घरी ठेवून ये.

तुझ्याइतकीच चुकलेली,
धाकटी