शेवटच्याची वेळ

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. मी धडधाकट परत आलो आहे, हे आधी वाच आणि मग हवं तेवढं रागव.

"पन्नाशीला टेकलास आणि ही कसली थेरं?" असं तू फोनवर म्हणालीस, ती शर्यत काल झाली. कारखान्यातले आम्ही चौघे. नकाशा बघत डोंगर चढायचा, मग सायकल, शेवटी होडी. चौथा पोचेपर्यंत पहिल्या तिघांचं पोचणं धरतच नाहीत. मला माझ्या दुखऱ्या गुडघ्यापेक्षा या नियमाचीच धास्ती होती.

चढावर गुडघ्याने मान टाकली. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे." एरवी चहालाही उसंत न देणाऱ्या आमच्या फोरमनने माझ्या कमरेला दोरी बांधली. "मामा, देवाचं नाव घ्या, पण पाय उचलून घ्या!" मी दोन्ही केलं. त्याने मला माथ्यापर्यंत ओढलं. पुढे सायकल आणि होडीही कशीबशी पार पडली. आम्ही सर्वांत शेवटी आलो आणि पोरांसारखे नाचलो.

गुडघा जरा सुजलाय, शेकतोय. आमच्या घरी एवढं सांगू नकोस. दाजींचा खोकला थांबला का?

लोकांना यात कसली मजा वाटते, असं विचारलं होतंस. इतरांचं मला ठाऊक नाही. इथे रोज सगळे आपापल्या घाईत पुढे निघून जातात. काल मात्र मी पोचलो नाही तर तिघांचं अडणार होतं. घरापासून इतक्या लांब असं पहिल्यांदाच झालं, ताई.

देव तुम्हा सर्वांना सुखात ठेवो.

तुझा भाऊ